दिल्लीचा यजमान

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, की आमचे मूळ पुरुष काशीला आले ते विश्वेश्वराच्या ओढीने. माझी सारी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे कुठलीही ओढ दिसली, की ती कोणत्या खात्यातून निघाली हे मला आधी बघावंसं वाटतं. पेशवाईत पुण्याच्या तिजोरीतून इथे घाट बांधले गेले, अन्नछत्रं चालली, वेदपाठी ब्राह्मणांना वर्षासनं मिळाली, आणि नेमके त्याच सुमारास आमचे मूळ पुरुष कोकणातली भाताची खाचरं भावांच्या हवाली करून ब्रह्मा घाटावर येऊन राहिले. विश्वेश्वर काही त्या वर्षी नवा आलेला नव्हता. हे मी एकदा श्रावणातल्या शुक्रवारी पंगतीत बोलून दाखवलं, तेव्हा बायको माझ्या पानावरून पुरणपोळी न वाढताच पुढे गेली.

सांगायचं इतकंच, की सरकारी खर्च आणि काशीतली मराठी माणसं यांचा संबंध जुना आहे. आमच्या गल्लीत आजही पुष्कळ घरांत पौरोहित्य चालतं. महाराष्ट्रातून यजमान येतात, त्यांची श्राद्धं-पिंडदानं होतात, ते जेवतात, दक्षिणा ठेवतात आणि पुढल्या वेळी येताना आंबेमोहोर आणतात. यजमान म्हणजे आमचा देव, पण तो देव आगाऊ फोन करून येतो.

गेली काही वर्षं मात्र दिल्लीच आमची यजमान झाली आहे. दिल्लीचं लक्ष आमच्या गावावर आहे आणि लक्षाच्या मागोमाग पैसाही येतो. रस्ते रुंद झाले, घाटांवर दिवे आले, मग ते दिवे काढून त्यांच्या जागी दुसरे आले. आमच्याकडे एखादा दगड बसवला, की तो नीट बसला आहे ना हे बघायला पुन्हा उपसतात. मी रोज सकाळी फिरताना हे सगळं बघतो आणि मोठ्याने शेरे मारतो. ‘हपापाचा माल गपापा’ हा त्यातला सौम्य शेरा. पण नावाड्यांच्या होड्यांना नवी इंजिनं लागली, गेंदाच्या, म्हणजे झेंडूच्या, माळा ओवणाऱ्या बायकांनी पक्क्या खोल्या बांधल्या, कोपऱ्यावरच्या चहावाल्याने हाताखाली दोन माणसं ठेवली, हेही मला दिसतं आणि ते बघून बरं वाटतं. तेव्हा मी शेरा मारत नाही.

माझे साडू दिल्लीला सरकारी नोकरीत आहेत. त्यांचं ठाम मत असं, की राजधानीत मंदी येतच नाही, ती फक्त वर्तमानपत्रात येते. सरकारी कचेऱ्यांत पगार पहिल्या तारखेला होतो, मग त्यांच्या आसपासचे छोलेवाले, शिकवण्या घेणाऱ्या बाई, शाळेच्या रिक्षा, सगळ्यांचंच सुखाने चालतं. सगळा देश कण्हत असला तरी दिल्लीला साधी सर्दी होत नाही, असं ते म्हणतात. आता काशीलाही तो गुण लागला, हे ऐकून त्यांना जरा हेवाच वाटला.

आमच्या घरी मंदी आली ती पुण्याहून आली. माझा मुलगा तिथे एका संगणकाच्या कंपनीत होता. कंपन्यांनी माणसं कमी करायला सुरुवात केली, तेव्हा त्याने पहिले काही दिवस आम्हाला काहीच सांगितलं नाही. मग एक दिवस दोन बॅगा घेऊन दारात उभा राहिला. दिवाळी नव्हती, गणपती नव्हते, कोणाचं लग्नही नव्हतं. बायकोने त्याला आत घेतलं, आधी जेवायला घातलं आणि मग विचारलं. तो म्हणाला, नोकरी गेली. आणि उरलेला भात संपवला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू आल्या. आमच्या गल्लीची रुंदी अशी, की समोरच्यांच्या फोडणीत हिंग पडला की आमच्याकडे शिंका येतात. काकूंनी विचारलं, मुलगा कसा काय आला? बायको म्हणाली, त्याचं ऑफिस आता घरूनच असतं. तिने काही ठरवून सांगितलं नव्हतं, तिच्या तोंडून निघून गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने नंतर मला स्वयंपाकघरात हळूच समजावलं.

पण मूठ झाकायची म्हणजे ती झाकून ठेवायचं कामही आलं. त्या दिवसापासून माझा मुलगा गल्लीवरच्या खिडकीशी टेबल टाकून, सकाळी दहा वाजले की लॅपटॉप उघडून बसायला लागला. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी. कधी अर्ज करायचा, कधी नुसता पडद्याकडे बघत राहायचा. आज वार कुठला आहे, याचंही त्याला भान नसायचं. सहा वाजता लॅपटॉप मिटायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. घाटावर चल म्हटलं तर नको म्हणायचा. लहानपणी ज्याला गंगेतून ओढून बाहेर काढावं लागे, त्याला आता दारापर्यंत ओढून नेता येईना. मी वरवर चिडत होतो, पण मनातून मला भीती वाटत होती. नोकरी काय, आज गेली उद्या मिळेल, पण हा पोरगा त्या खिडकीशीच बसून राहील की काय, असं वाटायचं. त्या काळात बायकोच्या आणि माझ्या डोक्यात दुसरा विषयच नव्हता.

याच सुमारास गल्लीतला गलका बंद झाला होता. आमच्या खिडकीखाली जरा चौकासारखी जागा आहे. तिथे गल्लीतली सगळी मुलं क्रिकेट खेळत आणि मी त्यांच्यावर ओरडत असे, हा गेल्या कित्येक वर्षांचा रिवाज. पण मुलं दिसेनाशी झाली. मी निदान केलं, की पोरं मोबाइलमध्ये बुडाली. शिवाय सरकारने गल्लीत जी गुळगुळीत फरशी बसवली आहे तिच्यावर चेंडू उसळत नसावा. हे निदान मी बऱ्याच लोकांना ऐकवलं.

मग सांस्कृतिक खात्याच्या मॅडम आल्या. लखनौकडच्या, वयाने अगदी तरुण. पायात बूट घालून भराभरा चालणाऱ्या. दशाश्वमेध घाटावर दिल्लीचे आणि परदेशचे पाहुणे येणार होते आणि काशीत वसलेल्या सगळ्या प्रांतांच्या लोकांनी आपापली झलक दाखवायची होती. बंगाली होते, तामिळ होते, गुजराती होते. महाराष्ट्राची झलक आम्ही दाखवायची, म्हणून त्या आमच्या गणेशोत्सवाच्या मंडळाचे अध्यक्ष असलेल्या गुरुजींकडे आल्या होत्या. गुरुजी म्हणजे गल्लीतले सर्वांत वृद्ध वैदिक. मीही तिथे बसलो होतो. मॅडमनी विचारलं, “आप लोग मराठी हैं, तो ढोल-ताशा तो आता ही होगा?”

खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. आम्ही इथे आलो तेव्हा पुण्यातही ढोलपथकं नसावीत. आम्हाला वेद म्हणता येतो, पंगत वाढता येते, आणि पंगतीत कोणाला आधी वाढलं यावरून भांडता येतं. यातलं घाटावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. पण मॅडम म्हणाल्या, की वाद्यं, कपडे, नाश्ता सगळं खात्याकडून मिळेल, आणि आम्हाला जमणार नसेल तर आमची वेळ गुजरात्यांना देता येईल. हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. गुरुजी ताठ बसले आणि म्हणाले, “आता क्यों नहीं? हमारे यहाँ तो बच्चा-बच्चा बजाता है।”

गुरुजींच्या अंगणात तालमी सुरू झाल्या. गल्लीतले आम्ही वीसएक जण, बरेचसे निवृत्त, बाकीचे निवृत्तीला आलेले. ढोल लग्नाच्या बँडवाल्यांकडून भाड्याने आले. मोबाइलवर पुण्याच्या पथकाची चित्रफीत लावायची आणि तसं वाजवायचा प्रयत्न करायचा, अशी आमची पद्धत. माझ्या पोटावर ढोल काही केल्या ठरेना, तो घसरून बाजूला जायचा आणि मी त्याच्या मागून वळायचो. समोरच्या काकूंनी ठेका धरायचा पितळी टोल मागून घेतला. देवळात घंटा वाजवून त्यांचा हात तयार होता, त्यामुळे त्या एकट्या बरोबर होत्या आणि बाकीच्यांना तसं सांगतही होत्या. गुरुजींचं म्हणणं पडलं, की अंगणातल्या फरशीला चढ आहे म्हणून ताल चुकतो. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण त्यांच्यासमोर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आमचा मुलगा हे सगळं वरून ऐकत होता. गुरुजींचं अंगण आमच्या भिंतीला लागूनच आहे. पुण्यात असताना तो दरवर्षी गणपतीत एका पथकात वाजवायचा, ऑफिस सुटलं की नदीपात्रात तालमीला जायचा. हे मला माहीत होतं, पण त्याला बोलवायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण दहा ते सहा त्याला ‘ऑफिस’ होतं आणि तालीम अकराला असायची. खोटं एकदा घरात घेतलं की त्याचं वेळापत्रक पाळावं लागतं.

काही दिवस त्याने सहन केलं. मग एक दिवस ऐन साडेअकराला, इस्त्रीचा शर्ट आणि लुंगी अशा वेशात तो अंगणाच्या दारात येऊन उभा राहिला. आमचं वाजवणं बंद पडलं.

“बाबा, हे काय लावलंय?” तो म्हणाला. “कोणाची बारात निघाली आहे काय?”

कोणीही घड्याळाकडे बघितलं नाही. ऑफिसचं काय, असंही कोणी विचारलं नाही. काकूंनी टोल खाली ठेवला, माझ्या पोटावरचा ढोल सोडवून घेतला आणि त्याच्यासमोर धरला. “हातात घे आणि दाखव,” त्या म्हणाल्या. “तोंडाने सांगून थोडीच येतं आम्हाला.”

त्याने लुंगी वर खोचली, ढोल कमरेला बांधला, दोऱ्या आवळल्या आणि एकदा थाप दिली. अंगणातली कबुतरं उडाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचे खांदे सरळ झालेले मी बघितले.

त्यानंतर तो रोज यायला लागला. दहाला खिडकीशी बसायचा, अकराला ‘जरा ब्रेक घेतो’ असं कोणालाही उद्देशून न म्हणता म्हणायचा आणि अंगणात यायचा. त्याने आम्हाला रांगेत उभं केलं. ताशा काय सांगतो ते ऐकायचं आणि मगच ढोल उचलायचा, हे शिकवलं. बायकांनीही ढोल घेतले पाहिजेत, पुण्यात मुलीच जास्त जोरात वाजवतात, असं तो म्हणाला, तेव्हा त्याची आई सगळ्यांच्या आधी उठली. नऊवारीवर ढोल बांधून ती उभी राहिली, तेव्हा लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ती थोडी नवीन वाटली. मी मात्र झांजेवर आलो. माझ्या पोटाला तेवढंच झेपत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी खात्याच्या ठेकेदाराने फेटे पाठवले. ते राजस्थानी निघाले, लांब शेपटीचे आणि गुलाबी. बदलायला वेळ नव्हता. शिवाय आमच्यात कोल्हापुरी फेटा बांधता येणारा तरी कोण होता? परदेशी पाहुण्यांना काय कळणार, असं म्हणून आम्ही ते चढवले. गुरुजींनी फेटा नाकारला आणि आपल्या पांढऱ्या उपरण्यावरच आले.

संध्याकाळी घाटावर दिव्यांचा नुसता लखलखाट होता. पायऱ्यांवर खुर्च्या, पुढच्या ओळीत दिल्लीचे मोठे साहेब आणि परदेशी पाहुणे, मागे आमची सगळी गल्ली. आमची पाळी आली. मुलाने ताशा धरला आणि इशारा दिला. आम्ही वाजवलं, आणि चांगलं वाजवलं. काकूंचा टोल एकदाही चुकला नाही. परदेशी मंडळी खुर्चीत बसल्या बसल्या डोलायला लागली. शेवटचा ठेका वाढत वाढत गेला, मुलाने हात वर केला, आणि ठरल्याप्रमाणे सगळं एकदम थांबलं. आता त्याने गणपतीचा जयघोष करायचा, आम्ही साथ द्यायची आणि मानवंदना देऊन खाली उतरायचं, असं ठरलं होतं.

पण गुरुजींच्या कानाला वेगळी सवय होती. जन्मभर त्यांनी आरती ऐकली होती. टाळ, घंटा, झांजा थांबल्या, शांत झालं, की पुढे काय येतं हे त्यांच्या कानाला पक्कं माहीत होतं. मुलाने तोंड उघडायच्या आत गुरुजींनी डोळे मिटून, हात जोडून मंत्रपुष्पांजली सुरू केली. आणि आम्ही तरी काय करणार? गुरुजींनी सुरू केल्यावर गप्प बसायचं आम्हाला कोणी शिकवलंच नाही. गुलाबी फेटेवाले आम्ही सगळे हात जोडून खणखणीत स्वरात सुरू झालो. मागे गल्लीतले लोक सवयीने उभे राहिले आणि तेही म्हणायला लागले.

हे बघून पुढच्या ओळीतले परदेशी पाहुणे गडबडून उठले. आमच्या कुठल्या तरी राष्ट्रगीताला आपण बसून राहिलो, असं त्यांना वाटलं असावं. पाहुणे उठले म्हणून दिल्लीचे साहेब उठले. साहेब उठले म्हणून सगळे अधिकारी उठले आणि पोलीस खाडकन सावधान झाले. बघता बघता सारा घाट उभा राहिला. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, कारण कार्यक्रमाचा मिनिटामिनिटाचा हिशेब त्यांच्या गळ्याशी होता. पण राजाधिराजाचा गौरव, कुबेराला नमस्कार, राज्यांच्या सगळ्या प्रकारांची मोजदाद, हे सगळं त्या मंत्रात आहे. खर्चाच्या अशा सोहळ्याला याहून शोभेलसं काही नव्हतं. आमच्या पूर्वजांनी पुण्याच्या यजमानांसमोर हेच म्हटलं असणार. मला हसू आवरत नव्हतं, आणि हसताना स्वर चुकू नये म्हणून मी गुरुजींच्या पाठीकडे बघत राहिलो.

कार्यक्रम संपल्यावर साहेब आमच्याकडे आले. अशा माणसांना पुढे उभ्या असलेल्याशी बोलायची सवय असते, आणि पुढे माझा मुलगा होता. आजूबाजूला सगळी गल्ली गोळा झालेली. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “बहुत बढ़िया। बेटा, क्या करते हो?”

बायकोने माझा हात घट्ट धरला. तिच्या तोंडावर ‘घरूनच काम असतं’ हे येऊन थांबलेलं मला दिसत होतं. मुलाने एकदा आईकडे बघितलं, एकदा काकूंकडे.

“जी, अभी कुछ नहीं,” तो म्हणाला. “पुणे में नौकरी थी, छूट गई। घर पर हूँ।”

आवाज खाली न आणता, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. साहेबांनी ‘अच्छा, अच्छा’ म्हणून मान हलवली आणि ते गुजरात्यांकडे गेले. साहेब एखादी चिठ्ठी देतील, अशी ज्यांची अपेक्षा असेल त्यांनी सरकार बघितलेलं नाही. मला मात्र त्या क्षणी पोराचा इतका अभिमान वाटला, की त्याला नोकरी लागली तेव्हाही तेवढा वाटला नव्हता.

मागून मॅडम धावत आल्या. आधी त्यांनी आम्हाला वेळ खाल्ल्याबद्दल झापलं. मग मुलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, की पुढल्या महिन्यात याहून मोठा उत्सव आहे, सगळ्या प्रांतांच्या मंडळींना तालावर आणि वेळेवर ठेवणारा माणूस हवा आहे, मोकळे असाल तर उद्या दुपारी कचेरीत या, मानधन मिळेल. सरकारी उत्सवांना काशीत तोटा नाही. मोकळा आहे, असं म्हणताना पोरगा चक्क हसला.

परतताना काकू आमच्याबरोबर चालत होत्या. शेवटी बायकोला राहवलं नाही. ती म्हणाली, काकू, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.

“अगं, सगळ्यांनाच पता होतं,” काकू म्हणाल्या. “रविवारी पण दहाला लॅपटॉप उघडून बसायचा तो. रविवारी कुठलं ऑफिस असतं?” मग त्या मुलाकडे वळल्या. “आता पोरांना खेळू देऊ ना रे खिडकीखाली? तू बसतोस म्हणून मी सगळ्यांना मना करून ठेवलं होतं. बेचारे केव्हापासून चूप आहेत.”

बायको तिथेच गल्लीत उभी राहून रडली, आणि मुलगा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मी फरशीच्या आणि मोबाइलच्या सिद्धान्ताबद्दल कोणाशी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता पहिला चेंडू आमच्या खिडकीवर आदळला. मी इतक्या महिन्यांची थकबाकी वसूल करायला, ओरडायच्या तयारीने उठलो. टेबलाशी कोणी नव्हतं. बायकोने माझा हात धरून मला खाली बसवलं.

“ओरडू नका,” ती म्हणाली. “त्याचीच बॅटिंग आहे.”